निदान झालं, उपचार मात्र लांबले: स्लीप ॲप्नियाच्या मधल्या काळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झोपेच्या चाचणीचा रिपोर्ट हातात येतो, त्यावर ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ (झोपेत घसा पुन्हा पुन्हा बंद होऊन श्वास अडण्याचा आजार) असं लिहिलेलं असतं, आणि मग आठवडेच्या आठवडे काहीच हलत नाही. पुढची तारीख लांबची मिळते, मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या सीपॅप मशीनची मंजुरी अडकते, नाहीतर आपल्याच मनाची तयारी होत नाही. या काळात लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधीचे प्रश्न सगळ्यांच्या कामाचे आहेत, पुढचे ऑपरेशन, गरोदरपण, लहान मुलं अशा खास परिस्थितींचे. जिथे वेगळं सांगितलेलं नाही, तिथे उत्तर प्रौढांच्या ऑब्स्ट्रक्टिव्ह प्रकाराबद्दल आहे. घाईत असाल तर आधी प्रश्न ४ आणि ५ वाचा.

१. रिपोर्टमध्ये एएचआय ३४ आलाय. याचा नेमका अर्थ काय?

झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा बराच उथळ झाला, त्याची सरासरी म्हणजे एएचआय. प्रत्येक प्रसंग किमान १० सेकंदांचा असेल तरच मोजला जातो. प्रौढांमध्ये ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० पासून पुढे तीव्र मानतात. ३४ म्हणजे साधारण पावणेदोन मिनिटांनी एकदा श्वासात अडथळा.

एवढ्या एका आकड्यावर थांबू नका. रिपोर्टमध्ये आणखी तीन गोष्टी शोधा: रक्तातला ऑक्सिजन सगळ्यात खाली किती गेला, रात्रीतला किती वेळ तो ९० टक्क्यांच्या खाली राहिला, आणि उताणं झोपल्यावरचा एएचआय कुशीवरच्यापेक्षा किती जास्त आहे. पहिल्या दोन आकड्यांवरून तुमची निकड दिसते (प्रश्न ७), तिसऱ्यावरून आज रात्री कसं झोपायचं ते कळतं (प्रश्न ८). घरी केलेल्या काही चाचण्यांमध्ये झोपण्याच्या स्थितीची नोंद नसते. तरीही पूर्ण रिपोर्टची प्रत मागून घ्या. एका ओळीचा निष्कर्ष पुढे कुठेच पुरत नाही.

२. निदान झालंय तर उपचार लगेच का सुरू करत नाहीत?

बहुतेक वेळा कारण वैद्यकीय नसतं. तज्ज्ञ कमी, रांग मोठी, विम्याची किंवा सरकारी मंजुरी बाकी, मशीनचा साठा नाही, अशीच कारणं असतात. जून २०२१ मध्ये फिलिप्स रेस्पिरॉनिक्स कंपनीने आवाज कमी करणाऱ्या फोमच्या दोषामुळे जगभरातली लाखो मशीन परत मागवली. तेव्हा नव्या रुग्णांची प्रतीक्षाही खूप लांबली होती.

एक टप्पा मात्र अनेकदा वगळता येतो. मास्कमधल्या हवेचा योग्य दाब ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत आणखी एक रात्र झोपायला सांगतात, तिला टायट्रेशन म्हणतात. फुप्फुसांचा किंवा हृदयाचा मोठा आजार नसेल, ॲप्निया सेंट्रल प्रकारचा (मेंदूकडून श्वासाचा संदेशच न येण्याचा, प्रश्न २१) नसेल, तर दाब आपोआप कमी-जास्त करणाऱ्या ऑटो सीपॅपवर थेट घरीच सुरुवात करता येते. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे दोन्ही मार्ग स्वीकारले आहेत. त्यामुळे तुमची अडचण टायट्रेशनच्या तारखेची असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, “मला ऑटो मशीनवर घरी सुरुवात करता येईल का?”

३. इतके दिवस उपचाराविना गेले तर कायमचं नुकसान होईल का?

हा आजार निदानाच्या दिवशी सुरू झालेला नसतो. बहुतेकांना तो कित्येक वर्षं असतो, फक्त त्याला नाव आता मिळालेलं असतं. उच्च रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात, मधुमेह यांच्याशी त्याचा संबंध आहे, पण तो परिणाम वर्षानुवर्षं साचत जातो. अन्यथा प्रकृती स्थिर असलेल्या माणसाच्या या हिशेबात काही आठवड्यांनी मोठा फरक पडत नाही. अपघाताचा धोका मात्र असा वर्षांवर विभागलेला नसतो. तो आज संध्याकाळी घरी परततानाही पूर्णच्या पूर्ण असतो. म्हणून या काळात हृदयाच्या काळजीने रात्र रात्र जागण्यापेक्षा रस्त्यावरची आणि कामावरची काळजी आधी घ्या.

सीपॅपने हृदयाचं रक्षण किती होतं, याबद्दलही अवास्तव अपेक्षा नको. हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीच असलेल्या २,७१७ जणांवरची सेव्ह ही चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. सीपॅपमुळे हृदयाचे झटके, पक्षाघात किंवा मृत्यू कमी झाल्याचं तीत दिसलं नाही. त्यात खूप पेंग येणारे रुग्ण घेतलेले नव्हते आणि सहभागींनी मशीन रात्रीला सरासरी ३.३ तासच वापरलं, हेही लक्षात घ्यावं लागतं. दिवसाची पेंग, मनःस्थिती आणि रोजचं जगणं यांत मात्र सुधारणा दिसली. उपचार लवकर मिळावेत म्हणून धडपडायला हे कारण पुरेसं आहे.

४. तोवर गाडी चालवू का?

पेंग येत असेल तर नाही. उपचार न झालेल्या स्लीप ॲप्नियात वाहन अपघाताचा धोका साधारण दुपटीहून अधिक असतो, आणि त्यात तुमच्याखेरीज ज्यांनी काहीच केलेलं नाही असे लोकही सापडतात.

स्वतःला तपासण्यासाठी एपवर्थ प्रश्नावली वापरा. मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी ती १९९१ मध्ये मांडली. वाचताना, टीव्ही पाहताना, दुपारी आडवं झाल्यावर, वाहतुकीत काही मिनिटं गाडी थांबल्यावर अशा आठ प्रसंगांत डोळा लागण्याची शक्यता ० ते ३ गुणांत लिहायची. बेरीज १० च्या वर गेली तर पेंग जास्त आहे. पण बेरीज कमी आली म्हणून निर्धास्त होऊ नका. वर्षानुवर्षं थकलेल्या माणसाला थकवाच नेहमीचा वाटू लागतो. शेजारी बसणाऱ्यालाही तुमच्याबद्दल तेच आठ प्रश्न विचारा, त्याची उत्तरं पुष्कळदा वेगळी येतात.

गेल्या काही महिन्यांत चालवताना डोळा लागला असेल, गाडी लेन सोडून गेली असेल, मधला रस्ता कसा गेला ते आठवत नसेल, तर उपचार सुरू होऊन पेंग जाईपर्यंत चावी दुसऱ्याच्या हातात द्या. यात तडजोड नको. ज्यांना पेंग येत नाही त्यांनीही रात्रीचं आणि लांब पल्ल्याचं ड्रायव्हिंग टाळावं. वाटेत झापड येऊ लागली तर काच उघडून किंवा गाणी मोठ्याने लावून ती जात नाही. सुरक्षित जागी थांबा, कॉफी घ्या आणि १५-२० मिनिटं झोपा. पण हा उपाय त्या प्रसंगातून सुटण्यापुरता आहे, रोज त्याच्या भरवशावर निघू नका.

परवान्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. काही ठिकाणी पेंग येणारा ॲप्निया असल्यास परवाना देणाऱ्या कार्यालयाला कळवणं बंधनकारक असतं, आणि न कळवल्यास विम्यावरही परिणाम होऊ शकतो. आपल्या ठिकाणचा नियम डॉक्टरांना विचारून घ्या. बस, ट्रक, क्रेन चालवणाऱ्यांनी आणि उंचावर किंवा यंत्रांजवळ काम करणाऱ्यांनी कामाच्या ठिकाणच्या डॉक्टरांना लगेच सांगावं. नोकरी जाईल या भीतीने लपवलं जातं, आणि ती भीती खोटी नाही. पण व्यावसायिक चालक म्हणून नोंद झाली की पुष्कळ ठिकाणी उपचाराची तारीखही लवकर मिळते.

५. वाट पाहून चालणारच नाही, अशी लक्षणं कोणती?

छातीत दुखणं, चेहरा किंवा हात अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं, ओठ निळे पडणं, माणूस हलवूनही नीट जागा न होणं: यांसाठी थेट तातडीच्या विभागात जा, झोपेच्या डॉक्टरांच्या तारखेची वाट पाहू नका.

आणखी एक अवस्था आहे, ती सहज नजरेतून सुटते. वजन बरंच जास्त, पायांवर सूज, थोड्या श्रमाने धाप, सकाळी डोकं जड आणि दिवसभर गुंगी, असं एकत्र दिसलं तर जागेपणीही शरीरात कार्बन डायऑक्साइड साचत असेल. धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत त्याचा दाब ४५ मिलिमीटरच्या वर आला तर त्याला लठ्ठपणाजन्य हायपोव्हेंटिलेशन म्हणतात. त्याचा उपचार साध्या ॲप्नियाच्या रांगेत थांबवून ठेवायचा नसतो. काही दिवसांतच डॉक्टरांना भेटा.

तीन औषधं घेऊनही न उतरणारा रक्तदाब, नव्याने सुरू झालेली धडधड, गाडी चालवताना लागलेला डोळा, किंवा जगणं नकोसं वाटणं, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी फोन करा. शेवटच्या गोष्टीसाठी घरातल्या माणसालाही लगेच सांगा, एकट्याने रात्र काढू नका.

६. झोपेत श्वास थांबून मी मरेन का? झोपायचीच भीती वाटते.

हा प्रश्न पाठवणारे बहुतेक जण तो रात्री उशिरा पाठवतात. श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि मेंदू काही क्षणांपुरती झोप मोडून घशाचे स्नायू पुन्हा ताणतो. हे रोज रात्री शेकडो वेळा घडतं, तुम्हाला सकाळी आठवत नाही इतकंच. झोप खराब होते ती याच राखणीमुळे, आणि वर्षानुवर्षं तुम्ही दर सकाळी उठत आलात तेही हिच्यामुळेच.

ही राखण बोथट करणाऱ्या गोष्टी म्हणजे दारू, अफूजन्य वेदनाशामकं, गुंगीची औषधं आणि प्रश्न ५ मध्ये सांगितलेली कार्बन डायऑक्साइड साचण्याची अवस्था. तुमच्या हातात असलेलं काम म्हणजे यांपासून दूर राहणं. भीतीने जागत बसलात तर दुसऱ्या रात्रीची झोप अधिक गाढ येते आणि पेंगही वाढते, म्हणून ठरल्या वेळेला झोपा.

७. लवकरची तारीख मिळावी म्हणून काय सांगू?

“खूप त्रास होतोय” याने रांग हलत नाही, कारण तेच वाक्य सगळे म्हणतात. प्राधान्य ठरवणाऱ्याला आकडे आणि धोका लागतो. उदाहरणार्थ असं सांगा: “एएचआय ३४ आहे, ऑक्सिजन ७८ टक्क्यांपर्यंत उतरला होता. एपवर्थ १६. कामासाठी रोज गाडी चालवावी लागते, गेल्या महिन्यात सिग्नलला डोळा लागला. रक्तदाबाची तीन औषधं चालू आहेत. कुणी तारीख रद्द केली तर मी आयत्या वेळी येऊ शकतो.” हे फोनवर सांगा आणि लेखीही पाठवा. आयत्या वेळी येण्याची तयारी हे यातलं सगळ्यात उपयोगी वाक्य आहे, कारण रद्द झालेल्या तारखा भरणं ही केंद्राचीही गरज असते.

तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून निकडीची चिठ्ठी घ्या. हृदयाची कमजोरी, अनियमित ठोके, गरोदरपण, ठरलेलं ऑपरेशन, व्यावसायिक ड्रायव्हिंग यांतलं जे लागू असेल ते तीत स्पष्ट लिहिलेलं असावं. मंजुरी अडली असेल तर नेमका कोणता कागद कमी आहे ते विचारा. बरेचदा डॉक्टरांची सही किंवा चाचणीचा पूर्ण रिपोर्ट एवढंच राहिलेलं असतं, आणि तसं कुणी आपणहून कळवत नाही. कुणाशी, कधी, काय बोलणं झालं ते एका वहीत लिहून ठेवा.

८. मशीन येईपर्यंत कसं झोपू?

कुशीवर. उताणं झोपल्यावर जीभ आणि मऊ टाळू गुरुत्वाकर्षणाने मागे पडतात आणि श्वासमार्ग अरुंद होतो. निम्म्याहून अधिक रुग्णांत उताणं झोपल्यावरचा एएचआय कुशीवरच्यापेक्षा दुप्पट किंवा त्याहून जास्त असतो. तुम्ही त्यांतले असाल तर फुकटात आणि आजपासून होणारा सगळ्यात परिणामकारक उपाय हाच.

झोपेत माणूस नकळत उताणा होतोच, त्यासाठी पाठीला अडसर लागतो: टी-शर्टच्या मागे शिवलेल्या खिशात चेंडू, पाठीशी घट्ट लावलेला लोड, किंवा आत उशी कोंबलेली छोटी पाठपिशवी. उताणं होताच थरथरून जाणीव देणारी उपकरणंही मिळतात. खांदा दुखत असेल तर छातीशी उशी कवटाळा आणि गुडघ्यांमध्ये एक ठेवा.

डोक्याखाली उशांची चळत लावू नका. त्याने मान वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि घसा उलट दबतो. पलंगाची डोक्याकडची बाजू उचला, किंवा पाठीपासून डोक्यापर्यंत उताराची एकसंध उशी घ्या. फायदा मध्यमच असतो, पण कुशीवर झोपणं जमत नसलेल्यांना तेवढाही उपयोगी पडतो.

९. दारू, झोपेची गोळी, सर्दीचं औषध: काय चालेल?

दारू घशाचे स्नायू सैल करते आणि मेंदूची जाग उशिरा आणते, त्यामुळे श्वास थांबण्याचा काळ लांबतो. या काळात पूर्ण सोडलीत तर उत्तम. निदान झोपण्याआधीच्या तीन-चार तासांत घेऊच नका.

दुकानातून आणलेली झोपेची गोळी नको. गुंगी आणणारी जुन्या पद्धतीची सर्दी-ॲलर्जीची औषधंही टाळा. डॉक्टरांनी आधीपासून लिहून दिलेली डायझेपाम, क्लोनाझेपाम किंवा अफूजन्य वेदनाशामकं असतील तर ती मनाने एकदम बंद करू नका, त्याने आकडी येण्यापासून तीव्र अस्वस्थतेपर्यंत काहीही होऊ शकतं. नव्या निदानाबद्दल त्या डॉक्टरांना कळवा आणि मात्रा किंवा पर्याय त्यांनाच ठरवू द्या. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांची औषधं चालू असली की ही गोष्ट हमखास मधल्यामधे राहून जाते.

१०. नाक सतत चोंदलेलं असतं. त्यावर आत्ताच उपचार करू का?

जरूर करा. नाक मोकळं झाल्याने ॲप्निया बरा होत नाही, पण झोप थोडी सुधारते आणि पुढे मास्क अंगवळणी पडणं पुष्कळ सोपं जातं. मिठाच्या पाण्याने नाक धुताना पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड असावं, थेट नळाचं नको. ॲलर्जी असेल तर डॉक्टर स्टिरॉइडचा फवारा देतात, त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. नाक झटपट मोकळं करणारे थेंब मात्र तीन ते पाच दिवसांच्या पुढे वापरू नका, नंतर त्यांच्यामुळेच नाक चोंदू लागतं. आणि धूम्रपान सोडायला यापेक्षा चांगली वेळ नाही.

११. वजन कमी केलं तर मशीन लागणारच नाही ना?

काहींना नाही लागत, पण त्या आशेवर उपचार पुढे ढकलू नका. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन इथल्या दीर्घ अभ्यासात (२०००) वजनात १० टक्के घट म्हणजे एएचआयमध्ये सुमारे २६ टक्के घट, असा अंदाज निघाला. एएचआय ३४ असलेल्याचा तो २५ च्या आसपास येईल, म्हणजे अजूनही मध्यमच. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र ॲप्निया असलेल्या प्रौढांसाठी टिर्झेपाटाइड या इंजेक्शनला मान्यता दिली. हा मार्ग खरा आहे, पण महिन्यांचा आहे.

बारीक अंगाच्या माणसांनाही हा आजार होतो. मागे सरकलेला जबडा, मोठे टॉन्सिल, अरुंद घसा ही कारणं पुरेशी असतात. “आधी वजन उतरवा, मग बघू” असं ऐकून परत आलेल्या लोकांची पत्रं वाचून वाईट वाटतं. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि अंगातलं त्राण जातं, त्यामुळे उपचार आणि वजन हे दोन्ही एकाच वेळी हाती घ्यायचे असतात.

१२. घशाचे व्यायाम, नाकावरची पट्टी, तोंडाला टेप, यांचा उपयोग होतो का?

जीभ आणि टाळूच्या व्यायामांनी सौम्य-मध्यम ॲप्निया काही जणांत कमी झाल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डिजेरिडू हे ऑस्ट्रेलियन सुषिर वाद्य चार महिने वाजवणाऱ्या रुग्णांची पेंग आणि एएचआय कमी झाल्याचा २५ जणांचा अभ्यास आला होता. नुकसान काही नाही, पण रोजचा सराव आणि काही महिन्यांचा धीर लागतो. नाकावरची पट्टी घोरणं थोडं कमी करील, ॲप्निया नाही.

तोंडाला टेप लावू नका. नाक चोंदलं किंवा उलटी झाली तर श्वासाचा उरलेला मार्गही बंद होतो.

१३. जबडा पुढे धरणारं उपकरण मशीनच्या आधी मिळू शकेल का?

कधी कधी हो, म्हणून विचारून पाहा. झोपेच्या आजारांचं काम करणारे दंतवैद्य दातांचं माप घेऊन ते बनवतात. खालचा जबडा थोडा पुढे राहिला की जिभेमागची जागा रुंदावते. सौम्य आणि मध्यम ॲप्नियात ते बऱ्यापैकी काम करतं, आणि तीव्र ॲप्नियात सीपॅप मिळेपर्यंत काहीच नसण्यापेक्षा बरं. गरम पाण्यात मऊ करून दाताखाली धरायचं तयार उपकरण तितकं भरवशाचं नसतं. हिरड्या खराब असतील, दात हलत असतील किंवा जबड्याचा सांधा दुखत असेल तर आधी दंतवैद्यांना दाखवा.

१४. नातेवाइकाचं जुनं सीपॅप पडून आहे. तेच वापरू का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दाब त्या माणसासाठी ठरवलेला असतो. तो तुम्हाला कमी पडला तर श्वास अडतच राहतो, जास्त झाला तर हवा पोटात जाते, मास्क गळतो आणि सेंट्रल प्रकारचे थांबेही येऊ शकतात. ते नेमकं कोणतं मशीन आहे हेही पाहावं लागतं (प्रश्न २१).

डॉक्टर हो म्हणाले तर चार गोष्टी करा. मॉडेल आणि क्रमांकावरून ते परत मागवलेल्या यादीत आहे का ते कंपनीच्या पानावर तपासा. मास्क, नळी, फिल्टर आणि पाण्याचं भांडं नवीन घ्या. ओझोनने साफ करणारी यंत्रं वापरू नका. आणि दाब तुमच्या नावाने लिहून घेऊन सेट करून घ्या. केंद्राकडे तात्पुरतं किंवा भाड्याचं मशीन आहे का, हे मात्र याच्याही आधी विचारा.

१५. घरी ऑक्सिजन सिलिंडर आहे. रात्री तो लावला तर?

अडचण हवेत ऑक्सिजन कमी असण्याची नाही, बंद पडणाऱ्या घशाची आहे. ऑक्सिजन दिल्याने बोटाला लावायच्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा सुधारतो, पण घसा तसाच बंद होत राहतो आणि काही जणांत थांबे आणखी लांबतात. फुप्फुसांचा जुना आजार किंवा प्रश्न ५ मधली अवस्था असेल तर कार्बन डायऑक्साइड धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. दुसऱ्या आजारासाठी डॉक्टरांनी ऑक्सिजन लिहून दिला असेल तर तो बंद करू नका, फक्त त्यांना ॲप्नियाचं निदान सांगा.

१६. दिवसभर पेंग येते. दुपारी झोपू का? कामाचं काय करू?

दुपारी २० मिनिटं झोपा, गजर लावून. त्या झोपेतही श्वास अडतो, म्हणून उताणं पडण्यापेक्षा मागे रेललेल्या खुर्चीत बरं. चहा-कॉफी सकाळी घ्या, दुपारनंतर नको. किचकट कामं आणि महत्त्वाचे निर्णय दिवसाच्या पहिल्या भागात ठेवा. बाकीचं लिहून ठेवायची सवय लावा, कारण विसरभोळेपणा हेही या आजाराचंच लक्षण आहे. वरिष्ठांना सगळा इतिहास सांगायची गरज नाही. “झोपेच्या आजाराचं निदान झालंय, उपचाराची वाट पाहतोय, तोवर रात्रपाळी नको” एवढं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह पुरतं. जागं ठेवणारी मोडाफिनिलसारखी औषधं स्वतःहून घेऊ नका. त्यांनी श्वास सुधारत नाही आणि रक्तदाब वाढू शकतो.

१७. माझी तक्रार उलटी आहे: झोपच लागत नाही. तरी ॲप्निया कसा?

दोन्ही एकत्र असणं अगदी सर्रास आढळतं, आणि स्त्रियांमध्ये ॲप्निया पेंगेपेक्षा थकवा, डोकेदुखी आणि मोडलेल्या झोपेच्या रूपात अधिक दिसतो. निद्रानाशासाठीची संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धती (झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलणारी) मशीन येण्याआधी सुरू करता येते आणि पुढे सीपॅप टिकवायलाही तिची मदत होते. तिच्यात झोपेचे तास मुद्दाम कमी करण्याची एक पायरी असते. ती तुम्हाला दिवसा पेंग येत असेल तर जपून, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायची.

१८. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे आणि मशीन आलेलं नाही. ऑपरेशन पुढे ढकलू?

तो निर्णय सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून घेतील. तुमचं काम म्हणजे त्यांना आजच सांगणं आणि रिपोर्टची प्रत देणं. तातडीचं ऑपरेशन यासाठी थांबवत नाहीत. भूल आणि वेदनाशामकांमुळे ॲप्निया काही दिवस बळावतो, म्हणून शक्य तिथे फक्त त्या भागापुरती भूल देतात, अफूजन्य औषधं कमी वापरतात आणि ऑपरेशननंतर ऑक्सिजनवर जास्त वेळ लक्ष ठेवतात. ही माहिती आधी मिळाली तरच ती तयारी होते. दात काढताना किंवा एंडोस्कोपी करताना गुंगीचं इंजेक्शन देणार असतील तर तिथेही सांगा.

१९. मी गरोदर आहे. बाळ होईपर्यंत थांबलं तर चालेल का?

थांबू नका. गरोदरपणातल्या ॲप्नियाचा संबंध उच्च रक्तदाब, प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब वाढून आई-बाळाला धोका होणारा आजार) आणि गरोदरपणातल्या मधुमेहाशी आहे, आणि सीपॅप या काळात वापरता येतं. प्रसूतितज्ज्ञांना आजच कळवा, त्यांच्या चिठ्ठीने झोपेच्या केंद्राची तारीख अलीकडे येऊ शकते. तोवर कुशीवर झोपा. रक्तदाब नियमित मोजून घ्या. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी किंवा चेहऱ्यावर अचानक सूज आली तर लगेच रुग्णालयात जा.

२०. मुलाला ॲप्निया आहे आणि टॉन्सिलच्या ऑपरेशनची तारीख लांब आहे. काय करू?

मुलांचे निकष वेगळे आहेत. त्यांच्यात तासाला एक थांबाही दखल घेण्याजोगा असतो, म्हणून वरचे आकडे त्यांना लावू नका. वाट पाहण्याच्या काळात डॉक्टर काही आठवडे नाकातला स्टिरॉइड फवारा किंवा माँटेलुकास्ट देऊन पाहतात. माँटेलुकास्ट चालू असताना मुलाच्या वागण्यात किंवा मनःस्थितीत बदल दिसला तर लगेच कळवा. मूल दिवसा पेंगण्याऐवजी चिडचिडं आणि अतिचंचल होऊ शकतं, तेव्हा शिक्षकांना निदानाची कल्पना द्या. झोपेत छाती आत ओढली जाणं, ओठ निळसर दिसणं किंवा वजन न वाढणं दिसलं तर तारखेची वाट पाहू नका.

२१. रिपोर्टमध्ये ‘सेंट्रल’ लिहिलंय. वरचं सगळं मला लागू आहे का?

गाडी, पेंग, दारू आणि औषधांबद्दलचं सगळं लागू आहे. मशीनबद्दलचं नाही. यात घसा बंद होत नाही, मेंदूकडून श्वास घेण्याचा संदेशच काही क्षण येत नाही. हृदयाची कमजोरी, पक्षाघात, अफूजन्य औषधं ही त्याची नेहमीची कारणं, त्यामुळे आधी कारणावर उपचार होतात. म्हणून वाट पाहताना हृदयाचा इको झाला आहे का ते विचारा. दाब श्वासागणिक बदलणाऱ्या एएसव्ही नावाच्या मशीनबद्दल २०१५ च्या सर्व्ह-एचएफ चाचणीत, हृदयाची पंप करण्याची क्षमता ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या रुग्णांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढलेले आढळले. उसनं मशीन लावण्याचा विचार तुमच्यासाठी तर पूर्ण वर्ज्य आहे.

२२. चाचणीला वर्ष उलटलं. पुन्हा करावी लागेल?

वजन बरंच बदललं असेल, हृदयाचा नवा आजार झाला असेल, घशाचं ऑपरेशन झालं असेल, तर करणं योग्य. नसेल तर वैद्यकीय दृष्ट्या जुना रिपोर्ट बऱ्याचदा चालतो, पण मंजुरी देणाऱ्यांची मुदत वेगळी असते. ती आजच विचारून घ्या, नाहीतर मशीनच्या दारात पोचून पुन्हा रांगेच्या शेवटी जावं लागतं.

२३. नवऱ्याचं निदान झालंय. मी रात्रभर जागून त्यांचा श्वास मोजते. आणखी काय करू?

जागू नका. तुमची झोपही तेवढीच मोलाची आहे, आणि दर थांब्याला हलवून उठवल्याने त्यांची झोप आणखी मोडते. मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचं चित्रण करून डॉक्टरांना दाखवा, ते पुरे. ते उताणे झाले तर हलकेच कुशीवर वळवा. काही दिवस वेगळ्या खोलीत झोपलात तरी अपराधी वाटून घेऊ नका. गाडीच्या बाबतीत मात्र ठाम राहा, तिथे तुमचं निरीक्षण त्यांच्या स्वतःच्या अंदाजापेक्षा खरं असतं. फोन, कागद, पाठपुरावा तुम्ही उचललात तर मोठी मदत होते, कारण थकलेल्या माणसाला नेमकं तेच जमत नाही.

२४. खरं सांगायचं तर मीच टाळतोय. आयुष्यभर मास्क लावून झोपायची कल्पनाच सहन होत नाही.

हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. नाकपुड्यांशी बसणारे छोटे मास्क आहेत, चेहरा मोकळा राहतो. कोंडल्यासारखं वाटणाऱ्यांसाठी जागेपणी थोडा थोडा वेळ लावून सराव करण्याची पद्धत आहे. सीपॅप काही केल्या नकोच असेल तर प्रश्न १३ मधलं उपकरण, झोपण्याची स्थिती, शस्त्रक्रिया, जिभेच्या चेतातंतूला उत्तेजन देणारं रोपण असे मार्ग आहेत. त्यांतला तुमचा कोणता, हे ठरवण्यासाठीही भेट घ्यावी लागते. “आयुष्यभर” हा शब्द बाजूला ठेवून एक महिना वापरून पाहीन, एवढंच आधी ठरवा.

२५. मास्क आलाय, मशीन पुढच्या आठवड्यात येणार. तोवर मास्क लावून झोपायचा सराव करू का?

झोपायचं नाही. मशीनमधून हवा वाहत असते तेव्हाच सोडलेला श्वास मास्कच्या छिद्रांतून बाहेर जातो. हवा बंद असताना तोच श्वास पुन्हा आत घेतला जातो, नाक आणि तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कमध्ये तर जास्तच. नळी न जोडता, पूर्ण जागं असताना, टीव्ही पाहत काही मिनिटं चेहऱ्यावर धरा, पट्टे कसे सुटतात ते डोळे मिटून करून पाहा, आणि कुशीवर पडल्यावर कडा कुठे टोचतात ते बघा. टोचत असेल तर मशीन यायच्या आधीच माप बदलून मागा.